रविवारचा मुलगा

"अम्माजी, आपका बेटा आ गया!" आया दारातूनच ओरडली.

समाधानने चपला काढल्या आणि कमलाबाईंच्या खाटेजवळ स्टूल ओढलं. फरीदाबादच्या या वृद्धाश्रमात तो आठ महिने दर रविवारी येत होता, त्यांचा मुलगा हेरंब म्हणून.

खरा हेरंब ऐन पंचविशीत अपघातात गेला होता. समाधान त्यांच्या अनाथाश्रमातला. दिल्लीत हिंदूरावच्या टेकडीवर, माकडांनी आणि मोरांनी वेढलेली ती जुनी कोठी. कमलाबाई तिथल्या अधीक्षिका. मागची एक खोली कायम कुलूपबंद असे. तिन्हीसांजेला आतून रडणं ऐकू येई. तिथल्या आया म्हणायच्या, मोर ओरडतात. समाधान नऊ वर्षांचा असताना त्याच्या धाकट्या बहिणीला, क्रांतीला, त्या खोलीत नेलं. चौथ्या दिवशी सांगितलं, तापाने गेली.

आठ महिन्यांपूर्वी त्याने कमलाबाईंना शोधून काढलं, स्वतःचं नाव सांगितलं, बहिणीचं विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तो निघाला, तशी मागून हाक आली, "हेरंब, एवढ्यात निघालास?"

"इस उमर में भूल जाते हैं," आया म्हणाली होती.

समाधानने मनाशी म्हटलं, मला नाही, तर हेरंबला तरी सांगतील.

आणि त्या सांगत होत्याही, पण दर खेपेला जरासंच. एकदा खोलीची किल्ली कुणाकडे असे ते, एकदा फाटकाशी थांबणाऱ्या पांढऱ्या मोटारीचं. मधेच त्याची कॉलर सारखी करत, संत्रं सोलून देत, "वाळलास रे," म्हणत. आईविना वाढलेल्या समाधानला रविवारची ओढ लागली. कधीकधी तो विचारायचंच विसरे. परतताना मेट्रोत त्याची लाज वाटे, आणि तरीही जीव निवलेला असे.

आज कमलाबाईंनी आपणहून विषय काढला.

"त्या खोलीत कुणी मेलं नाही रे. परदेशी दत्तक पाठवायची मुलं तिथं ठेवायचे, भावंडांची सवय तुटावी म्हणून. ट्रस्टींचा धंदाच होता तो. मी रजिस्टरात 'तापाने मृत्यू' लिहायचे."

समाधानने स्टूल आणखी जवळ ओढलं. "आई, क्रांती नावाची एक मुलगी..."

त्यांनी उशीखालून एक पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. आत फोन नंबर होता, पत्ता होता आणि एका बाईचा फोटो. कपाळ, भुवया, सगळं त्याचंच.

"सुखात आहे. दोन मुलं आहेत. गेल्या वर्षी तिनं मला पत्र लिहिलं, भाऊ कुठे आहे म्हणून."

समाधान लहान मुलासारखा रडला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आई, हे पहिल्याच दिवशी का नाही दिलंस?"

कमलाबाईंनी पदराने त्याचे डोळे पुसले.

"दिलं असतं, तर दुसऱ्या रविवारी तू कशाला आला असतास, समाधान?"