ठमाबाईच्या खाली दहा जण

महेंद्रने वहीच्या कोऱ्या पानावर मधोमध गोल काढला आणि त्यात लिहिलं, ठमाबाई.

"ह्या तुम्ही, आजी. तुमच्या खाली दहा जण. त्या दहांच्या खाली आणखी दहा-दहा. ते इंटरनेटवरून दुबईला, लंडनला फोन लावणार आणि पैसे तुमच्या खात्यात पडणार. तुम्ही नुसतं बसून राहायचं."

"बसून राहायची मना सवय नाय," असं ठमाबाई म्हणाली खरी, पण ती थोडी पुढे सरकली.

मोहने गावाजवळच्या ठमाबाईच्या घराच्या ओटीवर हा ठाण्याहून आलेला, कोटबिट घातलेला पोरगा उगाच नव्हता येऊन बसला. ठमाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलवायचं ते हिने. आसपासच्या चाळीस गावांत हिने हळद लावली नाही असं घर सापडायचं नाही. कोण कुणाची सून, कुणाचं माहेर कुठलं, सगळं तोंडपाठ. अशी बाई हाती लागली की चाळीस गावं हाती लागली, एवढा साधा हिशेब महेंद्रचा. त्याला आणलेला हर्षितने, तिच्या नातवाने. हर्षितचे तीस हजार आधीच भरून झालेले. आजीने दहा नावं दिली नाहीत तर ते बुडणार, म्हणून तो भिंतीला टेकून नखं खात होता.

आणि ठमाबाईला फोन हवा नव्हता असं थोडंच आहे! मोठी नात कल्पिता दुबईत नर्स. तिथून व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, म्हणून पोरगी आवाज रेकॉर्ड करून पाठवते. ठमाबाई तो दहा दहा वेळा ऐकते. पण त्या आवाजाला 'जेवलीस का गं' विचारलं तर तो काय उत्तर देणार, कप्पाळ?

"देते नावं," ती म्हणाली. "आधी कल्पिताला लाव."

"आजी, ॲप जॉइनिंगनंतर चालू होतं."

"तुझी जॉइनिंग झाली ना? तुझ्यावरून लाव."

महेंद्रने मोबाईल काढला, चार ठिकाणी बोट फिरवलं. "आज रविवार आहे ना, सर्व्हर डाऊन दिसतोय."

"म्हंजे मशिनीला पण सुट्टी?" ठमाबाईने हर्षितकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. "वर्ष झाला बोलतोस तुला यात येऊन. कोनाशी बोललास त्याच्यावरून? आईशी? बायकोशी?"

"अहो आजी, मुद्दा बोलण्याचा नाहीच आहे," महेंद्र हसला. "फोन कोण वापरतंय? आपल्याला माणसं जोडायची आहेत."

"तू रं?" तिने नातवाला विचारलं. "तू लावलास कोनाला?"

 हर्षितने महिन्याभरात एकालाही फोन लावलेला नव्हता, आणि हे त्याला आत्ता, या क्षणी कळलं.

"मानसं जोडायचा धंदा माझा पण हाय, पोरा," ठमाबाई म्हणाली. "पन मी एका टायमाला दोनच जोडते. आनि आधी दोघांना एकमेकांचा तोंड दाखवते."

महेंद्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने वही उचलली, ठमाबाईच्या गोलाखाली भराभर दहा गोल काढून त्यांत नावं लिहिली आणि आवाज गोड केला. "बरं, नका देऊ. हर्षितने सांगितलेली नावं मी लिहिलीयत. तुम्ही फक्त हो म्हणा. वाच रे हर्षित."

हर्षितने वाचलं. "आजीच्या खाली पयली... रखमाबाई."

ठमाबाई ताडकन उभी राहिली.

"रखमाबाई माझ्या खाली? तिच्या पायाशी बसून मी धवले शिकले! ती उंबऱ्यात आली तर अजून मी उठून उभी राहते. तिला तू माझ्या खाली घातलीस?"

"आजी, तो फक्त चार्ट आहे."

"खोड!"

 मग तिनेच महेंद्रच्या हातातलं पेन घेतलं. उभ्या आयुष्यात पाटी-पेन्सिल शिवली नव्हती बाईने, पण रेघ मारायला काय शाळा लागते! तिने आधी आपल्या नावाचा गोल खोडला, मग खालचे दहाच्या दहा, पान फाटेपर्यंत.

महेंद्रने वही पिशवीत कोंबली. हसू आता उतरलं होतं. "तुम्ही नाही तर दुसरं कोणी. गावं चिक्कार आहेत. याचे तीस हजार मात्र गेले समजा."

"आजी..." हर्षित भिंत सोडून पुढे आला. वर्षभर रात्रपाळ्या करून जमवलेले पैसे होते ते.

"गेले," ठमाबाई म्हणाली.  "उडवलेल्या अक्षता कोन वेचीत बसत नाय. तुझ्या तीस हजारांपायी मी चाळीस गावांत तोंड काला करू? काढ फोन. तुझा साधा फोन. एकेक घर लाव, मी बोलते."

"काय बोलणार?"

"कोटवाला पोरगा दारात येल. त्याला पानी द्या, उपाशी असंल तर जेवायला घाला, पन नाव देऊ नका."

हर्षितने एकदा महेंद्रकडे पाहिलं. मग डोळे पुसले आणि नंबर दाबला.

महेंद्र पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. दुसरी नाडी बांधून होईस्तोवर तीन घरं झाली होती.