जाळीमागचा आवाज

“जपून हं सिस्टर, पायऱ्या निसरड्या आहेत,” असं म्हणत माळ्याने म्हाताऱ्या ननचा हात धरला आणि तिला चर्चमागच्या दफनभूमीत आणलं.

टेकडीवरचा मठ बंद पडून दहा वर्षं झाली होती. आता तिथे हॉटेल होणार. चर्च राहणार, थडगी मात्र सोमवारी हलवणार. ज्याला आपलं माणूस न्यायचंय त्याने दगड दाखवावा, असं नव्या मालकाने कळवलं होतं. दाखवणार काय, कपाळ! एकाही दगडावर नाव नाही, नुसतं मृत्यूचं साल. मठाचा रिवाजच तसा. आत जायचं ते नाव फाटकाबाहेर ठेवून. त्या मठातली ही एकटीच आता हयात होती, म्हणून माळ्याने तिला पत्र टाकून बोलावलं होतं.

“ताई विसाव्या वर्षी आत गेली,” तो म्हणाला. “पुन्हा तोंड दिसलं नाही. पण दर रविवारी मी खालच्या गावातून चढून यायचो. चर्चमध्ये तुम्ही सगळ्या जाळीमागे गायचात. त्यात एकीचा आवाज कसा ओळखणार? पण ताईची एक खोड होती. शेवटच्या शब्दाआधी मध्येच श्वास घ्यायची. आई होती तेव्हा किती ओरडायची तिला!”

नन हसली. एवढ्या उन्हात तिच्या गळ्याभोवती मफलर होता, आणि बोलणं सगळं कुजबुजत.

“आणि तुम्ही दोनदा खोकायचात.”

“अहो, मी आलोय हे तिला कळायला नको?” माळी एकदम खुलला. “एकतीस वर्षं, सिस्टर! लग्नबिग्न राहूनच गेलं. रविवार मोकळा हवा ना! मग एका रविवारी तो श्वास आलाच नाही. तेव्हाच समजलो. मठाच्या चौकशीच्या खिडकीवर विचारलं, तर आतलं बाहेर सांगत नाही म्हणाल्या. त्या सालाचे तीन दगड आहेत. तिन्हींना रोज फुलं वाहतो, उगाच ताई रुसायला नको. गावातल्या दफनभूमीत आम्हा दोघांची जागा धरून ठेवलीय. आता तरी शेजारी असू. यातला कुठला, तेवढं सांगा.”

नन त्या तीन दगडांकडे वळलीच नाही. काठी टेकत ती भिंतीपाशी गेली आणि शेवाळलेल्या एका दगडावर तिने हात ठेवला.

माळ्याने वाकून साल वाचलं. “तुमचा घोळ होतोय, सिस्टर. हे तर ताई आत गेली ते साल.”

“त्याच हिवाळ्यात गेली. न्यूमोनिया झाला होता. भाऊ एकटा पडेल, एवढाच घोर होता तिला.”

“काहीतरीच काय! मी स्वतः ऐकलंय. एकतीस वर्षं!”

ननने मफलर सोडला. गळ्यावर ऑपरेशनचा जुना व्रण होता. फाटक्या, घोगऱ्या आवाजात ती रविवारचं गाणं म्हणू लागली, आणि शेवटच्या शब्दाआधी तिने मध्येच श्वास घेतला.