पलीकडचं शहर

होडी पुन्हा खडकावर आदळली आणि पडदा काळा झाला.

"दांडी ढकलू नका, बाबा," हर्षल म्हणाला. "अंगठा नुसता टेकवायचा."

"टेकवतोय रे." नीळकंठरावांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली आणि गेमचा रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरला. कारखान्यात त्यांनी जन्मभर क्रेन चालवली होती. खालचा माणूस हातानं खूण करायचा आणि ते वरून लोखंडाचं धूड अलगद उतरवायचे. इथं खुणेला हर्षलचा आवाज होता. तो मास्कमधून येत होता, अर्धा श्वासाच्या मशीनमध्ये विरून जात होता.

हर्षल तेवीस वर्षांचा होता. स्नायूंच्या आजारानं आधी त्याचे पाय नेले, मग खांदे, आणि या दिवाळीनंतर बोटंही. याच गेमचा पहिला भाग त्यानं शाळेत असताना स्वतःच्या हातांनी खेळून संपवला होता. त्याच्या शेवटी एक नदी लागायची. पलीकडे दिवे लागलेलं मोठं शहर दिसायचं, पण तिथं जाता यायचं नाही. ते दुसऱ्या भागात, असं बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं. मग तारखा येत राहिल्या आणि पुढे जात राहिल्या. डॉक्टरांनीही तारखा दिल्या होत्या. त्याही हर्षलनं मागे टाकल्या. "पलीकडे एकदा जाऊन येतो, मग बघू," असं तो हसत म्हणायचा. तेव्हा त्याची आई, मंजूषाताई, उठून आत जायच्या.

आता दुसरा भाग आला होता. बाग सेवनिया वस्तीत राहणाऱ्या त्याच्या मित्रानं, वरुणनं तो आदल्या दिवशीच खेळून बघितला होता. सकाळी त्याचा आवाजी मेसेज आला, तो मंजूषाताईंनी हर्षलच्या कानाशी धरला. "यार हर्षल, ज्यादा उम्मीद मत रखना. मी खेळलो थोडा. नंतर बोलतो."

"वरुणला काहीच आवडत नाही," हर्षल म्हणाला. "बाबा, लावा."

या खेपेला होडी खडकांमधून निघाली. हर्षल दबक्या आवाजात सांगत होता, डावीकडे, अजून, आता सोडा, सोडा. होडी पलीकडच्या पायऱ्यांना लागली. मंजूषाताई पोह्यांची बशी घेऊन दारातच थांबल्या.

"पोचलो ना रे?" नीळकंठरावांनी विचारलं.

"पोचलो."

शहराचा दरवाजा उघडला. आत लांबलचक रस्ता होता. दोन्ही बाजूंना उंच घरं, घराघरात दिवे. एक पाववाला उभा होता. नीळकंठराव जवळ जाताच तो म्हणाला, थंडी वाढली आहे. पुढच्या वळणावर तसाच पाववाला होता, तोच चेहरा, तीच टोपी. थंडी वाढली आहे, तो म्हणाला. चौकात एक बाई दोन्ही हात पसरून उभी होती. तिचे पाय जमिनीत घोट्यापर्यंत गेलेले होते. ती काहीच बोलली नाही.

हर्षलची नजर त्या पायांवरच अडकली होती.

"मी चुकीच्या रस्त्यानं आलो का?" नीळकंठरावांनी विचारलं.

"नाही."

"मागे जाऊन दुसरीकडून येऊ?"

"सगळीकडून असंच असणार, बाबा."

नीळकंठरावांना ते पटलं नाही. त्यांनी एका घराचं दार ठोठावून पाहिलं. मग शेजारचं. मग समोरचं. घामानं रिमोट निसटत होता, तो त्यांनी लेंग्याला पुसला. "मला जमत नाहीये नीट. तुझ्या हातांनी उघडलं असतं."

"तुमचं काही चुकत नाहीये. ती दारं नाहीतच. भिंतीवर काढलेली चित्रं आहेत."

"एवढी वर्षं घेतली त्यांनी," नीळकंठराव म्हणाले, "आणि दारं केली नाहीत?"

मशीन एकसारखं चाललं होतं. मग हर्षल म्हणाला, "आई, डोळे पूस ना."

मंजूषाताईंनी बशी खाली ठेवली. पदरानं त्याचे डोळे पुसले, मास्कची कड उचलून गालही पुसले. त्याची मान उशीवर सरळ करून दिली आणि तिथंच पलंगाच्या कडेला बसल्या.

नीळकंठरावांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना काहीतरी बोलायला हवं होतं. "बिघडतं कधीकधी माणसांकडून," ते म्हणाले. "पुढच्या भागात सुधारतील."

बोललेलं त्यांच्याच कानांवर परत आलं तसे ते खुर्चीत थिजले. मंजूषाताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"हो," हर्षल म्हणाला. "सुधारतील." मग मशीनचा एक श्वास जाऊ देऊन म्हणाला, "तो आला की तुम्ही खेळा, बाबा. नक्की खेळा."

नीळकंठरावांनी मान हलवली. रिमोट त्यांच्या मांडीवर होता आणि अंगठा दांडीवर तसाच रेटलेला राहिला होता. पडद्यावरचा माणूस रंगवलेल्या दाराला छाती लावून चालत होता, जागच्या जागी.