खिडकीतला पूल

लेकाला मंगळवारी रजा मिळेना, म्हणून त्याने परदेश बघायला आलेल्या आईवडिलांना दिवसभराचा गाईड ठरवून दिला. दुपारपर्यंत किल्ला झाला, बाजार झाला. मग माईंनी मोबाईल पुढे केला. लेक दर मंगळवारी ऑफिसच्या खिडकीतून फोटो पाठवायचा: नदी, लाल पूल, घड्याळाचा मनोरा.

“पुतळे पुरे झाले. याला म्हणावं, ही खिडकी दाखव. लेकाला विचारलं की म्हणतो, ऑफिसात काय बघायचंय.”

अप्पांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. गाईडने फोटो मोठा करून पाहिला. “ऑफिस?” त्याने दोनदा विचारलं. मग पूल ओलांडून त्यांना एका उंच इमारतीच्या मागच्या दाराशी आणलं. माईंचे गुडघे बोलायला लागले होते, त्या बाहेरच बाकावर टेकल्या.

चौथ्या मजल्यावर, दारावरचा ‘कॅन्सर’ हा शब्द वाचण्याइतकं इंग्रजी अप्पांना येत होतं. काचेपलीकडे ओळीने आरामखुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईनची बाटली. शेवटच्या खुर्चीत लेक. त्याने मोकळ्या हाताने खिडकीबाहेरचा फोटो काढला, आणि अप्पांच्या खिशातला मोबाईल वाजला.

“आज कामाचा डोंगर आहे. तुम्ही मजेत ना?”

“मजेत,” अप्पांनी लिहिलं.

खाली माई वाट बघत होत्या. “आत्ताच फोटो आलाय बघा त्याचा. मिळालं का ऑफिस?”

“छे. गाईड अगदीच कच्चा निघाला.”

गाईडला मराठी येत नव्हतं. तरी त्याने मान खाली घातली.