कागदावर पडलेलं झाड

"जपून गं ठमे, पाय बघून टाक," तिनं लेकीला सकाळपासून विसाव्यांदा बजावलं. बालवाडीला सुट्टी होती, म्हणून चार वर्षांची ठमी आईबरोबर जंगलात आली होती आणि ठमीला सांभाळायला म्हणून आजोबा. याच जंगलात ते चौतीस वर्षं वनरक्षक होते, आता त्यांची मुलगी, ठमीची आई, इथली वनपाल. पण नातीला सांभाळायचं सोडून तेच पुढे पळत होते आणि तिला दोघांवरही डोळा ठेवावा लागत होता.

समोर एका जातीची, एका उंचीची झाडं रांगेत उभी होती, शाळेत प्रार्थनेला उभी केल्यासारखी. आजोबांच्या काळची लागवड. तेव्हाचा नियम सोपा होता. लावलेलं तेवढं ठेवायचं; जुनं, वाकडं, आपोआप उगवलेलं सगळं काढायचं. आताचा नियम बरोबर उलटा. एक तरी जुनं, मूळचं झाड सापडलं आणि त्याच्या बियांची पन्नास रोपं आसपास उगवलेली असली, तर तो तुकडा आपल्या आपण वाढायला सोडायचा. नाहीतर यंत्रं लावून सगळं साफ आणि पुन्हा रांगा.

साहेब अकराला बघायला येणार होते. ती तीन दिवस नकाशा घेऊन वणवण फिरली होती. जुनं झाड एकही नव्हतं. असणार कुठून? नोंदवहीप्रमाणे शेवटचं झाड सव्वीस वर्षांपूर्वी तोडलं होतं आणि खाली सही होती आजोबांची.

"बाबा, इतकं चोख काम करायला नको होतं तुम्ही," ती म्हणाली.

'सर्वांत स्वच्छ जंगल' असं प्रशस्तिपत्र घरी भिंतीवर होतं. आजोबा ते रोज पुसायचे. आता मात्र त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. ही खूण तिला लहानपणापासून ठाऊक होती. आईपासून काही लपवलं की ते असंच करायचे.

"ओढ्यापलीकडे गेलीस का?" त्यांनी विचारलं.

"तिकडे कशाला? नकाशात तिथे नुसता खडक आहे."

"आणि नकाशा कुणी काढला होता?"

ठमीला कडेवर घेऊन तिनं ओढा ओलांडला आणि जागीच थबकली. चौघांच्या कवेत मावणार नाही असं एक झाड, कंबरेवर हात ठेवून उभं असल्यासारखं वाकडं. खालची जमीन हिरवीगार. त्यातून एकच बारीक पायवाट बुंध्यापर्यंत गेली होती. आजोबा सवयीनं त्या वाटेनं गेले, बुंध्याशी बसले आणि त्यांनी पाचोळा बाजूला सारला. मुळावर हातोड्यानं मारलेला शिक्का होता.

तोडायच्या झाडावर तेव्हा दोन शिक्के मारायचे. एक छातीच्या उंचीवर, तोडणाऱ्यांना दिसावा म्हणून. दुसरा बुंध्याशी, झाड गेल्यावर खुंटावर पुरावा राहावा म्हणून. आजोबांनी खालचा मारला होता. वरचा मारलाच नव्हता.

"पण का, बाबा?"

"डबा कुठे खाल्ला असता मग? अख्ख्या जंगलात सावली म्हणावी अशी एवढीच."

हसावं की रागवावं तिला कळेना. या वयात यांच्यामागे चौकशी लागली तर? तिनं घाईघाईनं बजावलं, की साहेबांसमोर तुम्ही तोंड उघडू नका, झाड मीच शोधलं असं सांगेन.

"आणि शिक्का कुणी मारला म्हणशील? तेव्हा तू या ठमीएवढी होतीस."

साहेब आले. मान वर करून त्यांनी झाड पाहिलं, पायवाटेनं जाऊन शिक्का पाहिला, नोंदवही पाहिली, पुन्हा झाड पाहिलं.

"यात तर हे झाड सव्वीस वर्षांपूर्वीच पडलंय."

आजोबा गणवेशात असल्यासारखे ताठ झाले. "हो साहेब. मीच पाडलं. कागदावर."

तिनं ठमीचा हात इतका घट्ट धरला, की ठमी कुरकुरली. साहेबांनी नोंदवही मिटली.

"अशी आणखी किती पाडलीत, काका?"

आजोबांचा हात टोपीकडे गेला. "या बाजूची म्हणता, की सगळी?"

आधी साहेबांचे खांदे हलले, मग पोट. हसता हसता त्यांनी नोंदवही तिच्या हातात दिली, रोपं मोजून घेऊ असं सांगितलं आणि वाटेवरून बाजूला टाकायला पाय उचलला.

"जपून हं, पाय बघून टाका," ठमी म्हणाली.

साहेबांचा बूट तसाच अधांतरी राहिला. खाली दोन-दोन पानांची रोपं होती. डावीकडेही होती. उजवीकडेही होती. आजोबांच्या खांद्याला धरून साहेब एका पायावर उभे राहिले आणि बूट ठेवण्यापुरती मोकळी जागा शोधू लागले. ठमी मोजायला बसली होती. तिला वीसपर्यंतच येत होतं, म्हणून वीस झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करत होती. तिसऱ्यांदा वीस झाले, तरी बूट वरच होता.