पाचवं कारण

“मॅडम, हे एक नाव उडवा. बाकीच्या यादीला हात लावू नका,” उमाकांतनं संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं. नाव होतं रमीबाई. पुढे लिहिलं होतं, शेड सफाई.

सुनिता नंदुरबारहून आली होती. नवापूरच्या या पोल्ट्रीला तिच्या कंपनीनं सॉफ्टवेअर दिलं होतं. वर्षातून एकदा यायचं, कुणाच्या खात्याला कसले अधिकार आहेत ते बघायचं, नको असलेले काढायचे, एवढं तिचं काम. ऐकायला सोपं, पण करताना नाकी नऊ यायचे. अधिकार काढते म्हटलं की माणसं अशी बघत, जणू अंगातला सदरा मागितला. सकाळी गोदामाच्या कारकुनानं लसीकरणाचं पान सोडायला नकार दिला होता. दोन वर्षांत त्यानं ते एकदाही उघडलं नव्हतं. “असू द्या हो, कधी लागलंच तर,” म्हणाला. उमाकांत तर मॅनेजर. त्याच्याकडे सेहेचाळीस अधिकार होते, त्यातले बारा वर्षभर धूळ खात पडलेले. एकेका अधिकारासाठी तो पंधरा मिनिटं भांडला होता.

रमीबाईकडे एकच अधिकार होता, ‘थांबवा’. शेडच्या दारावरच्या यंत्रावर तिनं अंगठा ठेवून ते बटण दाबलं की त्या शेडमधला एकही पक्षी बाहेर जाऊ शकत नसे. डॉक्टरांनी तपासून मोकळीक दिली तरच दार उघडे. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मालकानंच तशी सोय करून घेतली होती, आणि आता ती त्यालाही मोडता येत नव्हती. यादीत सफाई लिहिलेलं असलं तरी तेव्हापासून रमीबाई झाडू सोडून रोज पहाटे शेड तपासत फिरायची.

“अंगठाबहाद्दर आहे ती, मॅडम,” उमाकांत म्हणाला. “सुरतची गाडी दारात उभी असते आणि ही खुशाल शेड बंद करते. आता तर आत वेळ काढायलाही शिकलीय. नाव उडालं की परत झाडू हातात देतो.”

सुनितानं नोंदी काढल्या. तीन वर्षांत रमीबाईनं एक्केचाळीस वेळा शेड थांबवली होती. अडतीस वेळा डॉक्टरांना आजार सापडला होता, तोही पसरायच्या आत. वेळेचं मात्र उमाकांत खरं बोलत होता. आधी एका शेडला दहा मिनिटं लागायची, गेले पंधरा दिवस वीस लागत होती. आता वीस मिनिटं बघते म्हणजे जास्त बारकाईनं बघते, एवढंही या माणसाला कळू नये? सुनिताला त्या न पाहिलेल्या बाईचं मनापासून कौतुक वाटलं.

“हे नाव राहील,” ती म्हणाली. “हवं तर माझी तक्रार करा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मुद्दाम शेडवर गेली. दिवे अजून लावलेले नव्हते. साठीला टेकलेली काटकुळी रमीबाई अंगठा देऊन आत शिरली, मागोमाग तिच्याबरोबर काम करणारी आशा आणि शेवटी सुनिता. पाच हजार पक्ष्यांचा कलकलाट चालला होता. रमीबाई मधल्या वाटेवर उभी राहिली आणि तिनं एक बारीक शीळ घातली. अख्खी शेड एकदम गप्प झाली. त्या चार-पाच क्षणांत फक्त श्वास ऐकू येत होते, आणि रमीबाई मान वाकवून त्यांत एखाद्या आजारी पक्ष्याची घरघर शोधत होती. दहा पावलं पुढे, पुन्हा शीळ. शेवटच्या टोकाला पोचल्यावर ती वळली आणि त्याच वाटेनं तशाच शिळा घालत परत आली.

बाहेर आल्यावर सुनिताला राहवलं नाही. “रमीबाई, मॅनेजर तुमचं नाव काढायला सांगत होते. मी काढलं नाही. आता कुणी काढणारही नाही.”

रमीबाई हसली नाही. घरची बोली बाजूला ठेवून ती बाजारात बोलतात तशा अहिराणीत म्हणाली, “काढी टाक, बाई. मन्हा डावा कान गया. पंधरा दिन व्हयनात. जाताना एक बाजू आयकस, येताना दुसरी. तरी बी काल एक घरघर सुटनी. आशानी धरी. आशाले दे.”

सुनिता हळूच म्हणाली, “ते तुम्हाला परत झाडूवर लावतील.”

“झाडू माराले कान लागत नई,” रमीबाई म्हणाली आणि पदरानं यंत्राची काच पुसून पुढच्या शेडकडे निघाली.

सुनितानं ऑफिसात येऊन आशाचं खातं उघडलं, ‘थांबवा’चा अधिकार त्यात टाकला. मग रमीबाईचं बंद करायला घेतलं. खातं बंद करताना कारण निवडावंच लागतं. यादीत चार कारणं होती: नोकरी सोडली, बदली झाली, गैरवापर केला, मृत्यू झाला. सुनितानं ती दोनदा वाचली. सहा वर्षांत तिनं सातेकशे खाती बंद केली होती आणि दर वेळी या चारांतलं एक ना एक बरोबर बसलं होतं. यादीत भर घालायचा अधिकार तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होता. तो वापरायची वेळ कधी आलीच नव्हती.

तिनं चौथ्याखाली नवी ओळ घेतली आणि लिहिलं: ‘स्वतःहून परत केला.’