एझ्रा टॉलिव्हरचा ग्लास

अमेरिकेतल्या रिचमंडच्या त्या जुन्या हॉटेलात आजची संध्याकाळ काळ्या बारटेंडरांच्या गौरवाची होती. मेन्यूवर सगळ्यात वर पुदिना-व्हिस्कीचं पेय होतं, नाव 'एझ्रा टॉलिव्हर'. याच बारवर आयुष्य काढलेल्या एझ्रांच्या हातात पहिला ग्लास द्यायचा, म्हणून त्यांची नात जनेल केव्हाची तयार होती. पण एक्क्याण्णव वर्षांच्या आजोबांचा पत्ताच नव्हता.

"तासापूर्वीच हॉटेलपाशी सोडलंय की," टॅक्सीवाला फोनवर म्हणाला.

जनेल धावत सुटली. लॉबी, जिना, बाथरूम, बाहेरचा गोठलेला रस्ता, तिने सगळं पालथं घातलं. "टोपीवाले आजोबा पाहिलेत का हो कुणी?" दिसेल त्याला ती रडकुंडीला येऊन विचारत होती.

शेवटी ते सापडले हॉटेलच्या मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांपाशी. अंगात ठेवणीतला सूट, टोपी काढून हातात घेतलेली. आतून बंद असलेलं एक गंजकं दार ते ठोठावत होते.

"आजोबा! इथे काय करताय तुम्ही?"

"पुढचं दार गोऱ्यांचं. चाळीस वर्षं इथूनच तर आत जायचो," ते कुडकुडत म्हणाले. "पोरी, आपलं दार बंद केलं का गं यांनी?"